वाचनात विचार कुठे सुरू होतो

लिहिलेला मजकूर वाचून समजण्यासाठी मुलाला दोन गोष्टी याव्या लागतात. कागदावरच्या खुणांवरून शब्द ओळखता आला पाहिजे, आणि तोच मजकूर कोणी वाचून दाखवला असता तर जेवढे कळले असते तेवढे स्वतः वाचतानाही कळले पाहिजे. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली हे नाते एका सूत्रात मांडले: वाचन म्हणजे लिपी उलगडण्याची क्षमता गुणिले भाषेचे आकलन. सूत्रात बेरजेऐवजी गुणाकार आला तो जाणीवपूर्वक. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच येते. धडा घडाघडा वाचणारी, पण त्यात काय घडले ते सांगू न शकणारी मुलगी घ्या. तीच गोष्ट ऐकून भरभरून बोलणारा, पण पानावरची दोन वाक्ये वाचू न शकणारा मुलगा घ्या. या अर्थाने दोघांनाही वाचता येत नाही.

भारतात या दुसऱ्या प्रकारच्या मुलांकडे अलीकडे पुष्कळ लक्ष गेले आहे, आणि ते योग्यच आहे. ‘प्रथम’ संस्थेने २००५ साली सुरू केलेली ‘असर’ पाहणी ग्रामीण भागातील मुलांच्या घरी जाऊन त्यांच्याकडून अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद आणि छोटी गोष्ट वाचून घेते. सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे देशभरातील प्रमाण २०१८ साली २०.९ टक्के होते. शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ साली ते १६.३ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ साली २३.४ टक्क्यांपर्यंत आले. घसरण भरून निघाली, तरी चारांतल्या तीन मुलांना वर्षभरापूर्वीच्या इयत्तेचे पान वाचता येत नाही.

असे आकडे समोर आले की शिक्षक, अधिकारी आणि पालक बहुधा एकाच निष्कर्षाला येतात: आधी वाचता येऊ द्या, विचार करायला नंतर शिकवू. हा क्रम वरवर शहाणपणाचा वाटतो, पण तो चुकीचा आहे. विचार ही वाचन पक्के झाल्यावर चढायची पुढची इयत्ता मानली, की वाचनही अर्धे राहते आणि विचाराची वेळ कधी येतच नाही. लिपी, ऐकणे-बोलणे, माहिती आणि प्रश्न या वाचनाच्या चार अंगांकडे क्रमाने पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते.

लिपी

देवनागरी ही उच्चाराला जवळची लिपी असल्याने ती सोपी आहे, असे मानले जाते. इंग्रजी स्पेलिंगच्या तुलनेत ते खरेही आहे. मात्र मुलाच्या बाजूने पाहिल्यास तिचा पसारा मोठा आहे. ३४ व्यंजनांची बाराखडीतील प्रत्येकी बारा रूपे धरली तरी चारशेहून अधिक चिन्हे होतात, आणि जोडाक्षरे त्यात आलेली नाहीत. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. एकच ‘र’ प्रकाश, सूर्य, राष्ट्र आणि दुसऱ्या या शब्दांत चार वेगळ्या वेशांत येतो. कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांवरील सोनाली नाग यांच्या अभ्यासांतून दिसून आले आहे की अशा अक्षरप्रधान लिपीवर पुरती पकड येण्यात प्राथमिक शाळेची पहिली तीन-चार वर्षे जातात. मराठी मुलाने पहिलीच्या दिवाळीपर्यंत ‘सगळी अक्षरे संपवावीत’ ही अपेक्षा म्हणूनच अवाजवी आहे.

लिपी उलगडणे हे यांत्रिक काम आहे, ही समजूतही तपासून पाहायला हवी. ‘सरबत’ हा शब्द नवशिके मूल स, र, ब, त अशी चार पूर्ण अक्षरे म्हणून वाचते. बोलताना मात्र तो दोनच तुकड्यांत येतो आणि मधला व शेवटचा ‘अ’ गळतो. अक्षरे म्हणून झाल्यावर ‘अरे, सरबत!’ असे मुलाच्या लक्षात येते, कारण तो शब्द त्याला आधीपासून ठाऊक असतो. ‘हे जग मोठे आहे’ आणि ‘तू सुखाने जग’ या वाक्यांत ‘जग’ सारखेच लिहिले जाते, पण ‘ज’ वेगवेगळा उच्चारला जातो. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतल्या ‘च’चेही तसेच. कोणता उच्चार करायचा हे लिपी सांगत नाही, अर्थ सांगतो. म्हणजे मराठीत साधे वाक्य बरोबर उच्चारण्यासाठीसुद्धा मुलाला अर्थाचा अंदाज बांधावा लागतो, तो पुढच्या शब्दांशी ताडून पाहावा लागतो आणि गरज पडली तर बदलावा लागतो. विचाराची सुरुवात इथेच होते.

आधी संपूर्ण मुळाक्षरे, मग संपूर्ण बाराखडी, मग शब्द आणि सर्वांत शेवटी वाक्ये, या जुन्या पद्धतीचा दोष इथे कळतो. या क्रमाने कित्येक महिने मूल अर्थहीन ध्वनी घोकत राहते, आणि वाचन म्हणजे अर्थाशी संबंध नसलेले काम असा त्याचा ग्रह होतो. याला पर्याय आहे आणि तो महाराष्ट्रात वापरूनही झाला आहे. वर्णमालेचा क्रम सोडून थोडी अक्षरे आणि एखाद-दुसरी स्वरचिन्हे निवडायची आणि त्यांतून लगेच अर्थपूर्ण शब्द वाचायला द्यायचे. क, म, न, र, ल ही पाच व्यंजने आणि काना एवढ्यावर काका, मामा, नाक, कान, काम, मला हे शब्द बनतात आणि ‘काका, काम करा’ हे वाक्यही तयार होते. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी याच दिशेने दीर्घकाळ काम केले. पहिल्या महिन्यातच स्वतः वाचलेल्या वाक्यावर मूल हसते किंवा शंका काढते, तेव्हा वाचन कशासाठी करायचे हे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

याचा अर्थ लिपीच्या सरावाला फाटा द्यावा असा होत नाही. एका वेळी मनात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टींना मर्यादा असते. प्रत्येक जोडाक्षरापाशी अडखळणारे मूल वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेले असते. अर्थपूर्ण चित्रे आणि गोष्टी यांच्या सहवासात अक्षरे आपोआप येतील, या आशेवर चालणाऱ्या शाळांतही मुले मागे पडतात. अक्षरांचे पद्धतशीर शिक्षण आणि अर्थाचा शोध हे दोन्ही रोजच्या तासाला शेजारी शेजारी हवेत.

ऐकणे आणि बोलणे

सूत्रातील दुसरा घटक, म्हणजे भाषेचे आकलन, शाळेच्या कितीतरी आधी वाढू लागतो. चार वर्षांच्या मुलाला एकही अक्षर येत नसले तरी गोष्टीतला कोल्हा खोटे बोलतो आहे हे त्याला कळते आणि पुढे काय होईल याची त्याची अटकळही असते. या वयातील विचारशक्ती त्याच्या वाचनशक्तीच्या फार पुढे असते. पहिली-दुसरीत मुले स्वतः वाचू शकतील एवढाच मजकूर वर्गात आला, तर त्यांच्या बुद्धीला दोन वर्षे पुरेसे खाद्य मिळत नाही. म्हणून मोठ्यांनी मुलांना वाचून दाखवणे हा फावल्या वेळेचा उद्योग समजू नये. मुलांना वाचता येऊ लागले म्हणून तो थांबवूही नये.

हे आकलन घरच्या भाषेत वाढते, आणि महाराष्ट्रातील असंख्य मुलांची घरची भाषा पाठ्यपुस्तकातील मराठी नाही. ती वारली, कोरकू, गोंडी, पावरी, गोरमाटी, दखनी असते, किंवा अहिराणी, मालवणी, झाडीबोली अशी मराठीशी जवळचे नाते असलेली बोली असते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले, तेव्हा हीच अडचण त्यांच्यासमोर होती. त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात भरवली, आणि परिसरातील वस्तू व मुलांचे अनुभव यांना शिक्षणाचे साहित्य बनवले. त्याच सुमारास दूर न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर माओरी मुलांना, त्यांनी स्वतः मागितलेल्या शब्दांतून वाचायला शिकवत होत्या. १९६३ साली आलेल्या ‘टीचर’ या पुस्तकात त्यांनी हा अनुभव मांडला. दोन्हीकडचे तत्त्व एकच आहे: मुलाने बोललेले वाक्य फळ्यावर जसेच्या तसे लिहावे आणि त्यालाच वाचायला द्यावे. त्या वाक्याचा अर्थ त्याला आधीच कळलेला असतो, त्यामुळे सगळे लक्ष लिपीकडे देता येते. बोलीतला शब्द चुकीचा ठरवून खोडणारा शिक्षक मुलाची भाषा तर सुधारत नाहीच, उलट त्याला बोलण्यापासून परावृत्त करतो. जे मूल बोलत नाही, त्याच्या मनात काय विचार चालला आहे हे शिक्षकाला कळण्याचा मार्गच उरत नाही.

घरात इंग्रजीचा गंध नसताना मुलांना इंग्रजी माध्यमात घालण्याचा प्रश्नही याच सूत्रावर तपासावा लागतो. असे मूल दोन-तीन वर्षांत अक्षरे जुळवून वाचू लागते आणि पालकांना समाधान वाटते. पण जी भाषा ऐकूनही कळत नाही ती वाचून कळणार कशी? गुणाकारातील दुसरी संख्याच लहान राहते आणि पाठांतर हाच मुलासमोर उरलेला मार्ग ठरतो. शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची किंवा परिसरातील भाषा माध्यम असावी, ही २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाची शिफारस भावनेपेक्षा या व्यवहारावर उभी आहे. इंग्रजी भाषा म्हणून उत्तम शिकवणे आणि इंग्रजीतून सर्व विषय शिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माहिती

पुढील दोन वाक्ये पाहा. ‘पहिला पाऊस पडून गेला तरी दाजींनी पाभर बाहेर काढली नाही. त्यांनी मातीत बोटे खुपसून पाहिली आणि ते घरी परतले.’ यांत एकही अवघड जोडाक्षर नाही. तरी शहरातील चौथीचे हुशार मूल ही वाक्ये बिनचूक वाचूनही गोंधळेल आणि शेतकऱ्याच्या घरातील, अडखळत वाचणारी मुलगी लगेच सांगेल: ओल खोलवर गेलेली नाही, म्हणून दाजी पेरणीला थांबले. ‘ओल’ हा शब्दही मजकुरात नाही. तो तिने स्वतःच्या माहितीतून आणला. मेट्रोचे तिकीट यंत्रातून काढण्याचे वर्णन असते तर परिस्थिती उलटी झाली असती.

डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ साली अमेरिकेत केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष असाच आहे. त्यांनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या डावाचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची पण खेळाची माहितगार मुले, वाचनात तरबेज पण खेळाविषयी अनभिज्ञ मुलांपेक्षा तो मजकूर कितीतरी चांगला समजू शकली. यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, आकलन हे कोणत्याही मजकुरावर सारखेच चालणारे कौशल्य नाही. ज्या विषयाची माहिती असते त्या विषयात ते चांगले चालते. दुसरी, ‘चिकित्सक विचार’ नावाचा वेगळा तास ठेवून विचार शिकवता येत नाही. विचाराला विषय लागतो.

म्हणून परिसर अभ्यास, विज्ञान, इतिहास हे विषय गाळून किंवा आखडून सगळा वेळ भाषा आणि गणिताला देणे हा वाचन सुधारण्याचा उपाय आत्मघातकी ठरतो. भाषेच्या तासाला वाचन शिकवायचे आणि इतर तासांना माहिती लिहून द्यायची, ही विभागणीही मोडायला हवी. भूगोलाचे पान भूगोलाच्या शिक्षकानेच वाचायला शिकवावे. नकाशा मजकुराशी ताडून कसा पाहायचा, ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘यामुळे’ अशा शब्दांवर कसे थांबायचे, हे त्या तासाचेच काम आहे. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने मुलांच्या अनुभवांना आणि प्रकल्पांना शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले. अशा कामात मुले काही शोधण्यासाठी वाचतात. त्यामुळे वाचन, माहिती आणि विचार यांची फारकत होण्याची शक्यताच कमी होते.

प्रश्न

‘टिंबू गवळकात झिंबला.’ या वाक्याला काही अर्थ नाही. तरी ‘टिंबू कुठे झिंबला?’ या प्रश्नाचे ‘गवळकात’ हे उत्तर कोणतेही मूल देईल आणि त्याला पूर्ण गुण मिळतील. धड्याखालच्या ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ प्रकारच्या अनेक प्रश्नांची अवस्था हीच असते. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा आणि ते वाक्य उतरवायचे, ही युक्ती मुले लवकर आत्मसात करतात. पुढे तेवढीही गरज उरत नाही, कारण गाईडमध्ये उत्तर तयार असते. अशा प्रश्नांनी मजकूर समजला का हे तपासले जात नाही. उलट, न समजताही काम भागते हा धडा मात्र पक्का होतो.

न समजल्याचे मुलांच्या लक्षातही येत नाही, हे एलन मार्कमन यांच्या १९७९ सालच्या प्रयोगांनी दाखवले. त्यांनी प्राथमिक शाळेतील मुलांना असा मजकूर ऐकवला: समुद्राच्या तळाशी मुळीच उजेड नसतो, आणि तिथले मासे रंग पाहून आपले अन्न ओळखतात. बहुतेक मुलांना यातली विसंगती जाणवली नाही. मजकुरात काहीतरी चुकलेले आहे असे आधी सांगितल्यावर मोठ्या मुलांना ती अधिक सापडू लागली. म्हणजे क्षमता होती, पण छापील किंवा शिक्षकाने सांगितलेल्या मजकुरालाही प्रश्न विचारायचा असतो, याची कोणी आठवण करून दिलेली नव्हती.

ही आठवण प्रश्नांच्या दर्जातून देता येते. दाजींच्या उताऱ्यावर ‘दाजींनी काय बाहेर काढली नाही?’ असे विचारता येते. ‘त्यांनी मातीत बोटे का घातली असतील?’ असेही विचारता येते. ‘शेजाऱ्याने त्याच दिवशी पेरणी केली तर कोणाचे बरोबर, आणि ते कधी कळेल?’ इथपर्यंतही जाता येते. पहिले उत्तर ओळीत असते, दुसरे दोन ओळींच्या मध्ये आणि तिसरे मजकुराच्या पलीकडे. पहिल्या प्रकारचा प्रश्न वर्ज्य नाही, पण तिथेच थांबणे घातक आहे. प्रत्येक उत्तरानंतर ‘हे कशावरून?’ एवढे विचारण्याची सवय लागली तर मुले उत्तराला मजकुरातला पुरावा शोधू लागतात. चिकित्सक वाचनाचा गाभा तोच आहे.

प्रश्नानंतरच्या शांततेलाही महत्त्व आहे. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांचे निरीक्षण केले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात असे आढळले. हा अवधी तीन सेकंदांहून अधिक केल्यावर मुलांची उत्तरे लांब झाली, अधिक मुले बोलू लागली आणि त्यांचे स्वतःचे प्रश्नही वाढले. पुढची पायरी म्हणजे प्रश्न विचारण्याचे काम मुलांकडे सोपवणे. ॲनमरी पालिंक्सार आणि ॲन ब्राउन यांनी १९८४ साली मांडलेल्या पद्धतीत मुले लहान गटात मजकूर वाचतात आणि आळीपाळीने शिक्षकाची जागा घेऊन चार कामे करतात: पुढचा अंदाज सांगणे, प्रश्न विचारणे, न कळलेला भाग उलगडणे आणि थोडक्यात सार सांगणे. अस्खलित वाचणाऱ्या पण अर्थ न लागणाऱ्या सातवीतल्या मुलांना याचा लक्षणीय फायदा झाला.

यावर नेहमीचा आक्षेप असा की जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत, चार वर्ग सांभाळताना एवढा वेळ कोणाकडे आहे? अडचण खरी आहे, पण उताऱ्यातून उत्तर उचलायला लावणाऱ्या दहा प्रश्नांऐवजी विचार करायला लावणारे दोन प्रश्न घेतले तर वेळ वाचतो. एकत्र बसणाऱ्या वर्गांत मोठी मुले लहानांना वाचून दाखवू शकतात आणि प्रश्न विचारू शकतात. खरा अडसर वेळेचा कमी आणि अधिकाराच्या कल्पनेचा जास्त आहे. ‘का?’ विचारणारे मूल घरात आणि शाळेत उद्धट ठरत असेल, तर कोणतीही अध्यापनपद्धती त्याला विचार करायला शिकवू शकणार नाही.

पुस्तके आणि घर

पाठ्यपुस्तकाच्या शे-सव्वाशे पानांवर वाचक घडत नाही. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ साली दाखवून दिले की सुरुवातीला बरे वाचणारी मुले अधिक वाचतात, त्यामुळे त्यांचा शब्दसंग्रह वाढतो आणि ती आणखी पुढे जातात. मागे पडलेली मुले वाचन टाळतात आणि अंतर वाढत जाते. हे अंतर रोखायचे तर मुलांच्या हाती त्यांनी स्वतः निवडलेली पुस्तके हवीत. मराठीत ही सामग्री नाही असे नाही. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली ‘आनंद’ मासिक काढले. बालभारतीने १९७१ साली ‘किशोर’ सुरू केले. माधुरी पुरंदरे यांच्या चित्रमय पुस्तकांनी आणि ‘वाचू आनंदे’च्या संपादनाने लहान वाचकाला गंभीरपणे घेतले. अडचण आहे ती पुस्तके लोखंडी कपाटात कुलूपबंद राहण्याची. पुस्तक फाटले तर भरपाई कोण करणार, या धास्तीने ती जपली जातात. बालवाचनालयातील फाटके पुस्तक हा खरे तर ते वाचले गेल्याचा पुरावा मानायला हवा.

ज्या घरात पुस्तक विकत घेणे शक्य नाही किंवा आईवडिलांना वाचता येत नाही, तिथेही पुष्कळ करता येते. कोडी घालणे, उखाण्यांचे अर्थ लावणे, ओव्या आणि लोककथा ऐकवणे, बाजारातून आल्यावर काय पाहिले ते क्रमाने सांगायला लावणे, यांतून शब्दसंग्रह, कथेचा बांधा आणि तर्क वाढतो. कोडे सोडवणारे मूल दिलेल्या खुणांवरून न दिलेली गोष्ट ओळखत असते. पुढे तेच काम त्याला परिच्छेद वाचताना करायचे असते.

मोजमाप

शाळा ज्याचे मोजमाप करते तेच शिकवते. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असे लक्ष्य ठेवले आहे. त्यातील ‘६० शब्द’ घड्याळ लावून मोजता येतात. ‘समजून’ मोजायला तोंडी बोलावे लागते, म्हणून तपासणीच्या घाईत नेमका तोच शब्द मागे पडण्याचा धोका आहे. वेग हे वाचनाचे साधन आहे. तेच साध्य मानले, तर वेगाने वाचणाऱ्या आणि काहीच न कळणाऱ्या मुलांची संख्या वाढेल आणि अहवाल मात्र समाधानकारक येतील.

त्याऐवजी प्रत्येक तपासणीत वेगाच्या जोडीला दोन साध्या गोष्टी पाहाव्यात: मुलाने वाचलेल्या मजकुरावर स्वतःचा एक प्रश्न विचारला का, आणि आपल्या उत्तराचा आधार मजकुरात किंवा अनुभवात दाखवला का. पहिलीतल्या मुलाकडून हे तीन शब्दांच्या वाक्यावर अपेक्षित असावे, आठवीतल्या मुलाकडून वर्तमानपत्रातील बातमीवर. यासाठी नवे पाठ्यपुस्तक लागत नाही, यंत्र लागत नाही आणि वेगळा तासही लागत नाही. मुलाचे उत्तर ऐकून घेण्याची तयारी असलेला एक मोठा माणूस लागतो, आणि तो प्रत्येक शाळेत व प्रत्येक घरात असणे ही मोठ्यांची जबाबदारी आहे.